धुराचा खर्च कोणाच्या खिशातून?

पेट्रोल रुपयाने महागलं की घराघरांत त्याची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. स्कूटरला डबा अडकवून कामाला जाणाऱ्याचं महिन्याचं गणित त्या एका रुपयाने हलतं. त्या भावात कच्च्या तेलाची किंमत असते, केंद्राचं उत्पादन शुल्क असतं, राज्याचा व्हॅट असतो, पंपचालकाचं कमिशन असतं. तेच पेट्रोल जळल्यावर जो धूर निघतो आणि त्या धुराने जे आजारपण येतं, त्याचा खर्च मात्र त्यात धरलेला नसतो. तो खर्च होतच असतो, पण दुसऱ्याच कुणाच्या घरात. माझं म्हणणं असं की हा खर्च मोजला पाहिजे आणि धूर करणाऱ्याने तो भरला पाहिजे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आज याच्या उलट चाललं आहे.

१. भावफलकावरचा भाव अपुरा आहे.

आर्थर सेसिल पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० साली हा प्रश्न मांडला. कारखान्याच्या धुराड्याने गावावर काजळी पसरते. मालाच्या किमतीत ते नुकसान येत नाही, गावकरी ते सोसतात. जो खर्च समाजावर पडतो तो कर लावून करणाऱ्याकडे परत न्यावा, ही त्याची मांडणी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं. म्हणजे तत्त्वाबद्दल वाद उरलेला नाही. ते चाकावरच्या धुराड्याला लावायचं तेवढं राहिलं आहे.

आकडा किती मोठा आहे? २०२० साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये भारताचा राज्यवार अभ्यास आला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात देशातले सुमारे १६.७ लाख मृत्यू प्रदूषित हवेशी जोडले जातात. हे एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के झाले. अकाली मृत्यू आणि आजारपणाने बुडालेलं उत्पन्न सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये, म्हणजे देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.३६ टक्के. यात चुलीचा धूर आहे, वीजकेंद्रांचा आहे, शेतात पेटवलेल्या काडाचाही आहे. सगळा दोष वाहनांवर टाकणं खोटं ठरेल. पण वाहनाचा धूर एका बाबतीत वेगळा आहे. वीजकेंद्राचं धुराडं दोन-तीनशे मीटर उंच असतं. सायलेन्सर जमिनीपासून हातभर उंचीवर, गर्दीच्या मधोमध असतो. तो धूर विरळ होण्याआधीच कुणाच्या तरी नाकात जातो.

२. धुराचा मारा फुप्फुसावर थांबत नाही.

धूर म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. डिझेलच्या धुरातले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यातले सर्वांत सूक्ष्म कण रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना आतून सूज आणतात. म्हणून प्रदूषित हवेने मरणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे रुग्ण फार मोठ्या संख्येने असतात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिका चिडवतो आणि दमा बळावतो. हाच वायू उन्हात इतर वाफांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त ओढीने चिकटतो. पेट्रोलमधल्या बेन्झिनने रक्ताचा कर्करोग होतो. डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला आणि त्याला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीत बसवलं.

आणि मुलं. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, शिवाय त्याचं नाक सायलेन्सरच्या जवळ असतं. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. जिथे हवा वाईट तिथे फुप्फुसांची वाढ खुरटली, आणि पुढच्या काळात हवा सुधारली तशी नंतरच्या मुलांची वाढही सुधारली. या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण हे नुकसान टाळता येतं हे तो दाखवतो.

टोलनाक्याचं उदाहरण तर आपल्या जवळचं आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत टोलनाक्यांवर गाडी न थांबवता पैसे कापून घेण्याची सोय आली. जॅनेट करी आणि रीड वॉकर या अर्थशास्त्रज्ञांनी नाक्यांपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांच्या बाळंतपणांची नोंद तपासली. मुदतीआधी जन्मणारी बाळं १०.८ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळं ११.८ टक्क्यांनी घटली होती. गाड्यांची रांग संपली, एवढाच काय तो बदल. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. वाशी, मुलुंड, दहिसरच्या नाक्यांभोवती दाट वस्ती आहे. तिथल्या प्रसूतिगृहांच्या नोंदी काढून असा अभ्यास करायला कितीसा पैसा लागणार आहे?

मर्यादेचंही सांगायला हवं. पीएम २.५ ची वार्षिक सरासरी पाच मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपलं राष्ट्रीय मानक २००९ चं आहे आणि ते चाळीस आहे. म्हणजे 'हवा मर्यादेत आहे' असं सरकारी पत्रक म्हणतं, तेव्हाही ती आठपट वाईट असू शकते.

३. धूर करणारा आणि धूर गिळणारा ही वेगळी माणसं आहेत.

हडपसरच्या गाडीतळावर संध्याकाळी सहा ते आठ या वेळात उभं राहून पाहावं. डोक्यावर उड्डाणपूल, दोन्ही बाजूंना दुकानं. धुराला वर जायला वाट कमीच. सिग्नल सुटतो, टेम्पोवाला पहिल्या गियरमध्ये पाय दाबतो आणि काळा लोट मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर येतो. वाहतूक हवालदाराने नाकाला रुमाल बांधला आहे. त्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर संध्याकाळपर्यंत राखी झालेली असते. केळीवाली पदराने केळी पुसते, पदर काळा होतो, ती पुन्हा पुसते. बसथांब्यावर पन्नास माणसं ताटकळत आहेत, त्यांत अंगावरचं मूल घेतलेल्या बायाही आहेत. आणि पलीकडे मोटारीत काचा वर करून, एसी लावून एकटा माणूस बसला आहे. त्या चौकात सर्वांत जास्त रस्ता तो व्यापतो आणि डोक्यामागे सर्वांत जास्त इंधन जाळतो. (आतही धूर शिरतोच, पण केळीवालीला काच नाही.)

रस्त्यापासून तीनशे ते पाचशे मीटरच्या पट्ट्यात वाहनांच्या धुराचा परिणाम सर्वांत तीव्र असतो. या पट्ट्यात राहतं कोण? मुंबईच्या द्रुतगती मार्गांच्या कडेची वस्ती पाहिली की उत्तर मिळतं. रस्ता झाडणारे कामगार, हातगाडीवाले, रिक्षावाले, डिलिव्हरीची पोरं यांचा तर सगळा दिवसच या पट्ट्यात जातो. त्यांच्यापैकी कुणाला दमा जडला की खर्च सुरू होतो: दरमहा इनहेलर, पावसाळ्यात नेब्युलायझर, तीन-चार दिवसांची बुडालेली मजुरी, दवाखान्यात सोबत जाणाऱ्याचीही मजुरी. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर आधार देते. दर महिन्याच्या इनहेलरचा खर्च घरानेच सोसायचा. हा पैसा कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. त्या घरात मात्र मुलीच्या क्लासची फी त्यापायी थांबते.

४. पीयूसीचा कागद हवेबद्दल फार थोडं सांगतो.

पंपाच्या कोपऱ्यात पीयूसीची, म्हणजे गाडीचा धूर तपासायची, व्हॅन उभी असते, मागचं दार वर केलेलं, आत संगणक आणि छोटा प्रिंटर. पेट्रोलच्या गाडीचा धूर तपासतात तो इंजिन न्यूट्रलवर चालू असताना. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन एवढेच घटक बघतात. डिझेलच्या गाडीला रेस देऊन धूर किती दाट आहे ते पाहतात. नायट्रोजनचे ऑक्साइड कुणी मोजत नाही, सूक्ष्म कणही मोजत नाही. म्हणजे मुद्दा दोनमध्ये ज्यांची नावं पहिल्यांदा घेतली, तेच तपासातून सुटतात. भार घेऊन चढावर चाललेलं इंजिन काय ओकतं, हे न्यूट्रलवर कळत नाही ते वेगळंच.

वर अंमलबजावणी. नळी सायलेन्सरपर्यंत गेलीच नाही, नंबरप्लेटचा फोटो निघाला आणि कागद हातात आला, हे मी स्वतः पाहिलं आहे. वाचकांपैकी अनेकांनीही पाहिलं असेल. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने प्रदूषणाचे नियम मोडून गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. दंड जबर असला की माणूस कागद जवळ ठेवतो. इंजिन दुरुस्त करतोच असं नाही. याला पर्याय आहे. रस्त्याच्या कडेला उभं केलेलं यंत्र प्रकाशाचा झोत टाकून धावत्या गाडीचा धूर मोजतं आणि वाईट गाडी हुडकून काढतं. कोलकात्यात ते वापरून झालं आहे. शंभरात ज्या थोड्या गाड्या सर्वांत जास्त धूर सोडतात त्या आधी पकडल्या, तर बाकीच्यांना रांगेत उभं करायचं कारणच उरत नाही.

५. 'हे जमणार नाही' असं दर वेळी सांगितलं गेलं आणि दर वेळी ते जमलं.

इंजिनाची खडखड थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्ती १९२१ ची. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे हे माहीत असूनही जगाने ते कित्येक दशकं जाळलं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं; जगातून ते २०२१ मध्ये, अल्जीरियाने शेवटचा साठा संपवल्यावर गेलं. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. मुदती उलटल्या, बसथांब्यांवर हाल झाले, तरी २००२ अखेर दिल्लीतली डिझेलची शहर बस रस्त्यावरून गेली. मुंबईत 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या नागरिकांच्या संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९९ अखेर लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि काळी-पिवळी टॅक्सी डिझेल सोडून सीएनजीवर आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा या प्रदूषण मानकाचं इंधन मिळतं. त्यात गंधक दशलक्षात दहा भाग. नव्वदच्या दशकात डिझेलमध्ये ते दहा हजार भागांपर्यंत असायचं.

यात एक दुखरी गोष्ट आहे. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-तीन गाड्या विकता येणार नाहीत, कारण लोकांचं आरोग्य उत्पादकांच्या नफ्यापेक्षा मोठं आहे. कंपन्यांकडे आणि विक्रेत्यांकडे अशा आठ लाखांवर गाड्या पडून होत्या. पुढचे दोन दिवस शोरूमसमोर जत्रा भरली, दुचाकीमागे हजारो रुपयांची सूट मिळाली. गाडी स्वस्तात पडली म्हणून लोक खूश झाले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पगारदार माणूस सूट सोडत नाही. पण न्यायालयाने ज्यांना अपायकारक ठरवलं, त्याच गाड्या आपण घरी आणल्या आणि त्यांतल्या कितीतरी आजही रस्त्यावर आहेत. ती सूट अजून कुणीतरी फेडतं आहे.

६. भेसळीचा धूर आणि एक खून.

२५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपो परिसरात भेसळीचा अड्डा पकडला. तिथेच त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. रेशनचं स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्या भावातल्या फरकावर तो सगळा धंदा चालत होता. रॉकेल मिसळलेलं इंधन इंजिन खराब करतं आणि धूर वाढवतं, हे त्या धंद्यातल्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. इंधनाच्या सामाजिक किमतीचा हिशेब मांडताना महाराष्ट्राने हे नाव विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

७. विजेची गाडी हे अर्धं उत्तर आहे.

विजेची बस, विजेची रिक्षा हवीच. चौकातला धूर त्याने खरोखर थांबतो. पण महाराष्ट्राची वीज अजून बहुतांशी कोळशाची आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे आणि चंद्रपूर स्वतः हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पुण्याचा धूर चंद्रपूरकरांच्या अंगणात नेऊन टाकणं याला सुधारणा म्हणता येत नाही. तिथल्या केंद्राला गंधक रोखणारी यंत्रणा आणि सौर-पवन वीज यांची मागणी त्यासोबतच केली पाहिजे. शिवाय ब्रेक आणि टायर झिजून उडणारे कण विजेच्या गाडीतूनही उडतात, आणि विजेच्या लाखभर मोटारी रस्ता तेवढाच अडवतात.

८. सार्वजनिक पैसा चुकीच्या दिशेने वाहतो आहे.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हा मुद्दा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला. ४५ रुपयांचा टोल शून्यावर आला. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं, एसी बसचं ६ वरून १२. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या पीएमपीनेही किमान तिकीट ५ वरून १० केलं. एका वर्षाच्या आत धूर सोडणाऱ्याची सुटका झाली आणि जो धूर कमी करतो, बसमध्ये उभा राहून घरी जातो, त्याच्या तिकिटाचे पैसे दुप्पट झाले. याहून उलटी करआकारणी कशी असेल, मला सुचत नाही.

बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान तिकीट ५ रुपये केलं होतं, तेव्हा प्रवासी झपाट्याने परत आले होते. म्हणजे लोकांना बस नको आहे हे खरं नाही. बेस्टकडे कधीकाळी चार हजारांवर बसगाड्या होत्या. शहर वाढलं आणि ताफा आटला. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग केला. तो अर्धवट राहिला, आणि पुढे नगर रस्त्यावरची मार्गिकाही उखडून टाकली. कारण काय, तर मोटारींना जागा कमी पडते.

हवेसाठी म्हणून आलेल्या पैशाचं काय झालं? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये हिशेब मांडला. देशभर या कार्यक्रमाच्या खर्चाचा ६४ टक्के वाटा रस्त्यावरची धूळ दाबण्यावर गेला होता. वाहनांच्या धुरावर साडेबारा टक्क्यांच्या आसपास. झाडणारी यंत्रं, पाण्याचे फवारे, तोफेसारखी तुषार उडवणारी गाडी यांचे फोटो चांगले येतात. धूळ वाईटच आहे, ती कमी व्हावी. पण फवारा मारणारी गाडी स्वतः डिझेलवर चालते आणि तिच्या मागे बसची वाट पाहणारे तसेच उभे असतात.

स्टॉकहोमने २००६ साली शहराच्या मध्यात येणाऱ्या गाडीवर शुल्क लावून पाहिलं आणि पुढच्या वर्षी ते कायम केलं. रहदारी घटली, आणि लहान मुलांना दम्याचा तीव्र झटका येऊन दवाखाना गाठावा लागण्याचं प्रमाण काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. तिथेही सुरुवातीला विरोधच होता.

एक अट मात्र घालायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या महानगरातून टप्प्याटप्प्याने हटवता येतील का ते तपासायला सांगितलं आणि राज्याने समिती नेमली. चांगलं झालं. पण अशा आदेशाचा पहिला वार नेहमी रिक्षावाल्यावर आणि जुन्या टेम्पोवाल्यावर पडतो. दिवसभर धूर गिळणारा हाच माणूस आहे. त्याला कर्जाच्या सवलतीशिवाय गाडी बदलायला लावणं म्हणजे त्याच्याकडून दोनदा वसुली. सुरुवात मोठ्या मोटारीपासून, रस्त्यावर फुकट उभ्या केलेल्या गाडीपासून व्हावी.

९. मागायचं काय?

लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती दम्याने गेली. आईने पाठपुरावा सोडला नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या फेरचौकशीत वायुप्रदूषण हे एक कारण म्हणून नोंदलं गेलं. आपल्याकडे अशी नोंद होत नाही, म्हणून धुराने कुणी मेलं असं कागदावर दिसत नाही. तेव्हा पहिली मागणी नोंदीची: महापालिकांच्या रुग्णालयांनी दमा, हृदयविकार आणि कमी वजनाच्या बाळांची वॉर्डवार संख्या दर महिन्याला प्रसिद्ध करावी आणि शेजारी त्याच वॉर्डातल्या हवेचे आकडे द्यावेत. हवा मोजायची यंत्रं बागेच्या कोपऱ्यात न ठेवता शाळांच्या फाटकाशी आणि बसथांब्यांवर ठेवावीत. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाच आहे; जाणकार माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

दुसरी मागणी पैशाची. वाहनतळ शुल्क, जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर आणि मोटारींकडून पुन्हा घेतलेला टोल, हे सगळं एका वेगळ्या खात्यात जावं. त्यातून आधी बेस्ट आणि पीएमपीचं किमान तिकीट पाच रुपयांवर आणावं, मग ताफा वाढवावा, मग उखडलेल्या बसमार्गिका परत आखाव्यात. क्रम हाच असावा, कारण तिकीट उद्या सकाळी कमी करता येतं.